बर्जेसची वर्तुळं: शहर आपसूक वाढतं की कुणी वाढवतं?

रेखांश (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भूगोल किंवा समाजशास्त्र घेतलेल्यांनी ही आकृती कधी ना कधी काढली असेल. कंपासनं एकात एक पाच वर्तुळं, मधोमध 'मध्यवर्ती व्यापारी क्षेत्र', खाली 'एककेंद्री वलय सिद्धांत, अर्नेस्ट बर्जेस', पाच मार्क खिशात. मीही काढली होती. मूळ लेख मात्र गेल्या महिन्यात पहिल्यांदा वाचला, आणि आपल्याला शिकवलं ते भलतंच काहीतरी होतं असं वाटायला लागलं. म्हणून हा धागा.

माणसाबद्दल आधी चार ओळी. जन्म १८८६, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात टिलबरी गावी. वडील पाद्री. १९१३ मध्ये शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट, १९१६ पासून तिथेच शिकवायला. त्याच विभागात रॉबर्ट पार्क होता, मूळचा वार्ताहर. पार्कला कल्पना सुचायच्या आणि बर्जेस त्या नकाशावर बसवायचा, अशी ती जोडी. दोघांनी १९२१ मध्ये काढलेलं जाडजूड पाठ्यपुस्तक हिरव्या कव्हरमुळे पोरांमध्ये 'हिरवं बायबल' म्हणून ओळखलं जायचं.

आता शहर. १८४० मध्ये शिकागोची वस्ती ४,४७०. १८९० मध्ये जवळपास ११ लाख. १९२० मध्ये २७ लाख. मध्ये १८७१ ची आग, ज्यात गावाचा गाभाच जळून गेला. अशा गावात राहणाऱ्याला 'शहर म्हणजे काय' हा प्रश्न नंतर पडतो, आधी 'हे चाललंय काय' हा पडतो.

बर्जेसनं हा लेख डिसेंबर १९२३ मध्ये समाजशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात वाचला. १९२५ च्या 'द सिटी' या संग्रहात तो आहे. शीर्षक 'शहराची वाढ', पण पुढचं उपशीर्षक कुणी सांगत नाही: 'एका संशोधन प्रकल्पाची ओळख'. म्हणजे गडी सांगतोय की आम्ही कामाला लागतोय, हा आमचा कच्चा आराखडा. आणि लेखातच तो स्वच्छ लिहितो की शिकागो काय किंवा दुसरं कुठलं शहर काय, या आकृतीत तंतोतंत बसत नाही. सरोवराचा काठ, नदी, रेल्वेचे रूळ, कारखाने आधी कुठे उभे राहिले, वस्त्यांनी नव्या लोकांना किती विरोध केला, हे सगळं आड येतं.

पट्टे थोडक्यात: मधे लूप (उन्नत रेल्वेच्या फेऱ्यातला व्यापारी भाग), मग संक्रमण पट्टा, मग कामगारांची घरं, मग बऱ्या घरांचा पट्टा, आणि शेवटी रोज ये-जा करणाऱ्यांची उपनगरं. यातला दुसरा पट्टा म्हणजे लेखाचा जीव. समजा तुमचं लूपला लागून दुमजली घर आहे. धंदा आपल्या दिशेनं सरकतोय हे तुम्हाला दिसतंय. उद्या कुणी गोदामवाला जागेचे भरपूर पैसे मोजणार. मग छप्पर कशाला दुरुस्त करायचं? रंग कशाला काढायचा? तोवर आत फळ्या ठोकून खोल्या पाडायच्या आणि एकेका खोलीत एकेक कुटुंब घालायचं. पायाखालची जमीन महाग, वरचं घर भिकार. नुकत्याच गाडीतून उतरलेल्या माणसाला परवडतं ते हेच. पुढे चार पैसे जमले की तो तिसऱ्या पट्ट्यात सरकतो आणि त्याच्या खोलीत नवा येतो.

म्हणजे बर्जेसची वर्तुळं स्थिर नाहीत. प्रत्येक पट्टा बाहेरच्यावर चाल करून जातो. याला त्यानं वनस्पतिशास्त्रातले शब्द उसने घेतले, आक्रमण आणि अनुक्रमण. मोकळ्या माळावर आधी गवत, मग झुडपं, मग झाडं येतात, तसं.

मला ही आकृती परीक्षेत भेटली त्यापेक्षा लेखात कितीतरी जिवंत वाटली. तुमचं काय मत?

तिरकस

छान लिहिलंय, पण राव, यात बर्जेसचं काय? फॉन थ्युनेन या जर्मन अर्थशास्त्रज्ञानं १८२६ मध्येच बाजारगावाभोवती शेतीची वर्तुळं काढली होती. जवळ दूध-भाजीपाला, लांब गुरं. आणि एंगल्सनं १८४५ च्या पुस्तकात मँचेस्टरचं वर्णन करताना हेच सांगितलंय: मधे व्यापार, भोवती मजुरांचा पट्टा, बाहेर मालकांचे बंगले. वर हेही, की बंगल्यातून बाजारात येणारे रस्ते दोन्हीकडून दुकानांनी असे झाकलेत की शेटजींना मागची घाण दिसतच नाही.

अवांतर: हाच बर्जेस पुढे १९३९ मध्ये 'लग्न यशस्वी होईल की नाही' याचं भाकीत करणारं पुस्तक एका सहकाऱ्याबरोबर लिहून बसला. स्वतः जन्मभर अविवाहित. हलके घ्या.

रेखांश (धागाकर्ता)

तिरकस, थ्युनेनचा मुद्दा मान्य, पण त्याची वर्तुळं जागची हलत नाहीत. बर्जेसला हालचालच मोजायची होती. तो लेखात स्टेट आणि मॅडिसन रस्त्यांच्या चौकात येतो: गर्दीच्या वेळी ताशी ३१,००० माणसं, साडेसोळा तासांत २ लाख १० हजार. ट्राम आणि उन्नत रेल्वेचा प्रवास १८९० मध्ये वर्षाला माणशी १६४ फेऱ्या, १९२१ मध्ये ३३८. आणि जमिनीचे भाव. त्याच्या मते हालचाल म्हणजे शहराची नाडी, आणि भावांवरून ती कळते. लूपमधले भाव दहा वर्षं हललेले नाहीत, पण बाहेरच्या मोक्याच्या नाक्यांवर ते दुप्पट, चौपट, सहापटसुद्धा झालेत, हे तो नोंदवतो. विचार करा, एककेंद्री सिद्धांताच्या मूळ लेखातच दुसरी केंद्रं उगवत असल्याची खबर आहे!

एंगल्सबद्दल मात्र तुमचं बरोबर. त्याला पट्ट्यांमागे कोण आहे हे दिसलं होतं.

मिशिगनकाठ

मी शिकागोत बरीच वर्षं राहते, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. उन्नत रेल्वेच्या गुलाबी मार्गिकेवर अठराव्या रस्त्याचं स्टेशन आहे. जिन्यापासून फलाटापर्यंत भिंती मेक्सिकन चित्रांनी भरलेल्या. खाली उतरलं की बेकरी, टॅकेरिया, स्पॅनिश पाट्या. पण मान वर करा. विटांच्या इमारतींच्या माथ्यावर चेक आडनावं आणि एकोणिसाव्या शतकातली सालं कोरलेली दिसतात. वस्तीचं नाव पिल्सेन, बोहेमियातल्या प्ल्झेन गावावरून. कोपऱ्यावरचं थालिया हॉल १८९२ चं, चेक लोकांनी नाटक-सभांसाठी बांधलेलं. तळमजला मेक्सिकन आणि माथा चेक, एकाच इमारतीत. 'अनुक्रमण' शब्द मला तिथे उमगला.

पण पहिल्यांदा तिथे हिंडले तेव्हा एका शेजारणीनं मला दुसरी गोष्ट सांगितली. तिच्या घरचे आधी उत्तरेला, हॅलस्टेड आणि हॅरिसनच्या नाक्याजवळ राहायचे. तिथे सरकारी विद्यापीठाचा नवा परिसर करायचा ठरलं, वस्ती पाडली, १९६५ मध्ये परिसर सुरू झाला. तिथली बरीच मेक्सिकन कुटुंबं मग पिल्सेनला आली. त्याच पाडापाडीत समाजसेविका जेन अॅडम्सच्या हल हाउसच्या (स्थलांतरितांसाठीचं सेवाकेंद्र) जवळजवळ सगळ्या इमारती गेल्या. ती म्हणाली, "आम्ही सरकलो नाही, आम्हाला हलवलं."

आता तर भाड्यांमुळे मेक्सिकन घरंही निघतायत आणि पैसेवाले तरुण आत येतायत. बर्जेसच्या आकृतीतले बाण सगळे बाहेरच्या बाजूला. हे आत येणारे कुठे दाखवायचे?

जुनीपाटी

मी ही आकृती बावीस वर्षं फळ्यावर काढत आलो, म्हणून थोडं लांबण लावतो.

रेखांश, तुम्ही मूळ लेख वाचलात ना? मग त्यातली दुसरी आकृती पुन्हा उघडा. पहिलीत फक्त पट्टे आहेत, दुसरीत शिकागोतल्या वस्त्यांची नावं भरलीत: लिटल सिसिली, घेट्टो, चायनाटाउन, डॉइचलँड, बंगल्यांचा भाग. मधून उभी एक वाकडीतिकडी रेघ आहे, तो मिशिगन सरोवराचा काठ. म्हणजे अर्धं वर्तुळ खरं तर पाण्यात. पाठ्यपुस्तकांनी ही रेघ पुसून टाकली, ती तक्रार बाजूला ठेवू.

त्याच आकृतीत एक गोष्ट वर्तुळ नाही. ती पट्टी आहे. लूपच्या खालून निघून पट्टेच्या पट्टे कापत सरळ दक्षिणेला जाते. तिच्यावर लिहिलंय 'ब्लॅक बेल्ट', म्हणजे कृष्णवर्णीयांची वस्ती.

इटालियन, पोल, ज्यू, जर्मन सगळे पट्ट्यांतून बाहेर सरकतायत. पैसे जमले, पुढच्या पट्ट्यात गेले. कृष्णवर्णीय माणूस मात्र पैसे जमवूनही त्या पट्टीतच वर-खाली होतो. का? झाडाझुडपांच्या भाषेत याला उत्तर नाही. गवताला कुणी खरेदीखत दाखवत नाही.

इथे खरेदीखतं होती. १९२० च्या दशकात शिकागोच्या मालमत्ता दलालांच्या मंडळानं पुरस्कार केलेली अट घरांच्या कागदांत घातली जाऊ लागली: हे घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही, भाड्यानं देणार नाही. त्याच्या आधी १९१९ ची दंगल. २७ जुलैला २९ व्या रस्त्याजवळच्या चौपाटीवर पाण्यातल्या एका १७ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर दगडफेक झाली, तो बुडाला, आणि पुढच्या काही दिवसांत ३८ माणसं मेली. हे बर्जेसच्या विद्यापीठापासून फार लांब घडलेलं नाही. आणि ज्या मालकसंघटना या अटी राबवायच्या त्यांना खुद्द विद्यापीठ पैसे पुरवत होतं, याच्या नोंदी आहेत. अशाच अटीवरून झालेला हॅन्सबेरी या कृष्णवर्णीय कुटुंबाचा खटला, जो १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तो विद्यापीठाच्या शेजारच्याच भागातला. न्यायालयांनी अशा अटी राबवायच्या नाहीत, हे १९४८ मध्ये ठरलं.

'वस्त्यांचा विरोध' असे शब्द बर्जेसनं वापरलेत खरे. पण त्या शब्दांत दगड दिसत नाही, दलाल दिसत नाही, वकील दिसत नाही. आकृती प्रामाणिक निघाली. हातानं पट्टी काढली, लेखणीनं तिचं कारण सांगितलं नाही.

खडूस_काका

+१ जुनीपाटी सर. वाचनखूण साठवली.

रेखांश (धागाकर्ता)

सर, आकृती पुन्हा उघडली. मी ती पट्टी पाहिली होती आणि तरी पाहिली नव्हती. कबूल.

तरी बर्जेसच्या बाजूनं एक मांडतो. त्या काळी गुन्हेगारी रक्तात असते, अमुक वंशाचे लोक जन्मजात तसलेच, असं मानणारे विद्वान पैशाला पासरी होते. बर्जेसच्या पट्ट्यांवर क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी बालगुन्हेगारांचे पत्ते ठिपक्याठिपक्यांनी बसवले. १९४२ मध्ये पुस्तक आलं. लूपजवळ प्रमाण जास्त, बाहेर जावं तसं कमी, हे तर दिसलंच. पण खरी गंमत पुढे. या शतकाच्या सुरुवातीला त्या वस्त्यांत जर्मन आणि आयरिश होते, नंतर तिथे इटालियन आणि पोल आले. माणसं पार बदलली, पण वस्तीचं प्रमाण तसंच राहिलं. आणि जे बाहेर सरकले त्यांची पोरं सुधारली! म्हणजे दोष रक्ताचा नाही, जागेचा. वंशवाद्यांच्या तोंडावर मारलेला पुरावा होता तो. ज्या झाडाझुडपांच्या भाषेनं दलालाला लपवलं, तिनंच स्थलांतरिताच्या पोराला सोडवलं.

शिवाय फ्रँकलिन फ्रेझियर याच विभागात शिकला, स्वतः कृष्णवर्णीय. त्यानं १९३२ च्या पुस्तकात त्या पट्टीचेच सात भाग पाडले आणि दाखवलं की पट्टीच्या आतही उत्तरेकडून दक्षिणेकडे परिस्थिती सुधारत जाते. कोंडलेल्या जागेतसुद्धा माणसं सरकतच होती.

(ता. क. 'या शतकाच्या' नव्हे, 'विसाव्या शतकाच्या'. संपादन करता येत नाहीये.)

चक्रवाढ

माझा प्रांत अर्थशास्त्र, त्यामुळे इतका वेळ गप्प होतो. पण होमर हॉइटचं नाव अजून कसं आलं नाही?

हॉइटही शिकागो विद्यापीठाचाच, पण अर्थशास्त्राकडचा, आणि जमिनीच्या धंद्यातला. १९३३ मध्ये त्याचं शिकागोच्या जमिनीच्या शंभर वर्षांच्या भावांवरचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं, भाव वर्तुळात पसरत नाहीत, कलिंगडाच्या फाकेसारखे पसरतात. श्रीमंत वस्ती एकदा एका दिशेला लागली की त्याच दिशेनं बाहेर सरकत जाते, चांगल्या रस्त्याच्या, उंच जमिनीच्या, पाण्याच्या कडेकडेनं. शिकागोत आधी धनिकांची घरं दक्षिणेला प्रेअरी अव्हेन्यूवर. १८८० च्या दशकात पॉटर पामरनं उत्तरेला सरोवराकाठी किल्ल्यासारखं घर बांधलं, बाकीचे मागोमाग गेले आणि 'गोल्ड कोस्ट' झाला. बर्जेसच्या हिशेबानं ही जागा लूपला खेटून, म्हणजे गचाळ असायला हवी! हार्वी झॉरबॉ नावाच्या विद्यार्थ्यानं १९२९ मध्ये यावरच पुस्तक लिहिलं: गोल्ड कोस्ट आणि झोपडपट्टी, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर.

इथवर ठीक. आता जुनीपाटी सरांच्या मुद्द्याकडे. हॉइटच्या १९३३ च्या पुस्तकात एक यादी आहे. कुठल्या वंशाचे लोक राहायला आले की जमिनीच्या भावावर काय परिणाम होतो, याची उतरंड. दहा पायऱ्या. वर इंग्लिश, जर्मन, स्कॉच, आयरिश, स्कँडिनेव्हियन. तळाला कृष्णवर्णीय आणि त्याखाली मेक्सिकन. त्यानं असंही म्हटलंय की शास्त्र म्हणून ही उतरंड चूक असू शकेल, पण बाजारातला ग्रह भावात उतरतो.

बरं, नोंदवलं म्हणून कुणी फाशी देत नाही. पण १९३४ मध्ये हाच माणूस अमेरिकेच्या नव्या फेडरल गृहनिर्माण प्रशासनात रुजू झाला. हे खातं गृहकर्जाला हमी द्यायचं. कुठल्या वस्तीतल्या कर्जाला हमी द्यायची हे ठरवताना तिथे कोणत्या वंशाचे लोक राहतात हा निकष होता. १९३९ मध्ये १४२ शहरांच्या भाड्यांच्या आकडेवारीवरचा त्याचा प्रसिद्ध अहवाल याच खात्यासाठी. भाव पडतील म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून भाव पडले. झालं, सिद्धांत खरा ठरला! वंशावरून घर नाकारण्याला कायद्यानं बंदी यायला १९६८ उजाडलं.

तेव्हा धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं माझं उत्तर: बर्जेसनं पाहिलं की शहर कसं वाढतं. हॉइटच्या काळापर्यंत ते पाहणंच वाढवण्याचं अवजार झालं होतं.

तिरकस

चक्रवाढ, प्रतिसाद आवडला. आता हॅरिस आणि उलमन राहिले: १९४५, बहुकेंद्री सिद्धांत, शहराला एकच गाभा नसतो, बंदर, विद्यापीठ, कारखाना असे अनेक असतात. खरं आहे आणि नीरस आहे. 'सगळीकडे सगळं असू शकतं' हे सांगायला आकृती कशाला?

माझा आवडता समाजशास्त्रज्ञ वॉल्टर फायरी. तोही १९४५ चाच. तो बॉस्टनकडे बोट दाखवून म्हणाला, ऐन बाजाराच्या मधे पन्नासएक एकरांचं गवताचं मैदान पडलंय, एके काळी गावाची गुरं चरायची, आज तिथे भाव लावला तर डोळे फिरतील. कुणी विकत नाही. शेजारच्या बीकन हिलवरची जुनी घराणीही हलत नाहीत. कारण? जीव जडलाय. तुमच्या वर्तुळात आणि फाकेत जिव्हाळ्याला रकाना आहे का?

चक्रवाढ

जिव्हाळा असतोच. पण बीकन हिलवाल्यांकडे जिव्हाळा टिकवायला पैसे होते. मिशिगनकाठ यांच्या शेजारणीच्या घरच्यांनाही हॅलस्टेडचा जिव्हाळा असणारच की.

मिशिगनकाठ

होता. ती अजून त्या नाक्यावरून जाताना बसच्या खिडकीतून इथे आमचं, तिथे मावशीचं घर असं दाखवते. दिसतात त्या काँक्रीटच्या इमारती.

झॉरबॉनं लिहिलेल्या झोपडपट्टीचं पुढे काय झालं तेही सांगते. बर्जेसच्या आकृतीतली लिटल सिसिली तीच. १९४२ मध्ये तिच्या काही भागावर ओळीनं सरकारी बुटकी घरं झाली, मग १९५० आणि ६० च्या दशकांत उंच टॉवर, सगळं मिळून कॅब्रिनी-ग्रीन. आधी इटालियन आणि कृष्णवर्णीय मिसळून होते, नंतर जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय. शेवटचा टॉवर २०११ मध्ये पाडला. आता तिथे महागडे फ्लॅट आणि मोठी दुकानं. थोडी बुटकी घरं उरलीत, बरीचशी बंद, खिडक्यांना फळ्या मारलेली. शंभर वर्षांत त्या चार-सहा रस्त्यांवर किती वेळा माणसं बदलली, आणि त्यातली कुठलीच खेप नुसती गवतासारखी उगवली नाही.

बर्जेसचं एक काम मात्र रोज वापरात आहे. १९२० च्या दशकात त्यानं आणि सहकाऱ्यांनी अभ्यासासाठी शहराचे ७५ भाग पाडले. पुढे विमानतळाचा एक आणि १९८० मध्ये एजवॉटर वेगळं झालं, म्हणून आता ७७. आकडेवारी, बातम्या, आरोग्याचे नकाशे, सगळं अजून त्याच भागांवर. लोक त्या नावांचे टीशर्ट घालतात.

उद्यापेपर

सर्वांना नमस्कार, धागा आत्ताच सापडला, सगळा वाचून काढला. खूप मदत झाली. फक्त एक विचारायचं होतं, उद्या 'बर्जेसचा सिद्धांत आकृतीसह स्पष्ट करा' आला तर सरोवर आणि ती पट्टी काढू का?

जुनीपाटी

काढ. नावंही घाल. मी तपासत असेन तर पूर्ण मार्क.

तिरकस

आणि सर तपासत नसतील तर पाच वर्तुळं, कंपासनं, स्वच्छ.